शेजारची सीट

सीट तिथे नव्हती हे त्याला बसल्यावर कळलं. रोजच्यासारखं दार उघडून, पाठ आत करून, डब्याची पिशवी छातीशी धरून त्याने अंग सोडून दिलं, आणि जिथे कंबर टेकायची तिथे काहीच नसल्यामुळे तो थेट गाडीच्या तळावर जाऊन आदळला. पाय बाहेर लोंबकळलेले, गुडघे हनुवटीपाशी, पिशवीतला डबा आडवा. हाताखाली गार पत्रा लागला आणि त्यात बोल्टची भोकं. ती स्टिअरिंगमागे बसली होती. "अरे!" असं ती म्हणाली आणि मग हसायला लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं ते नेमकं काळजी संपून हसू सुरू होत असताना, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त हसूच आलं. "लागलं का? सांगायचंच राहिलं बघ. गॅरेजच्या उस्तादने काल काढली ती. मागच्या खोलीत आणून ठेवलीये, तू पाहिली नाहीस?" त्याने पाहिली नव्हती. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून मागच्या खोलीत तो पाऊल टाकत नसे. "मग मी कुठे बसायचं?" त्याने विचारलं. खरं तर हा प्रश्न त्याला फक्त त्या सकाळपुरता विचारायचा होता, पण तोंडातून निघाल्यावर त्याला तो भलताच मोठा वाटला. तिने घड्याळ पाहिलं. "आज बसने जा ना. माझा पहिला पेशंट येऊन बसला असेल." तो उठला, पँट झटकली, दार लावलं. मागची सीट तर आधीच घडी करून तिच्यावर प्लायवूड टाकलेलं होतं. थोडक्यात, त्या गाडीत आता एकाच माणसाला बसायची सोय होती, आणि ते माणूस निघून गेलं.

बसच्या दांड्याला धरून उभं राहताना त्याचं माकडहाड ठणकत होतं, पण दुखत होतं ते दुसरीकडेच. सांगायचंच राहिलं. दूध आणायचं राहतं, इस्त्रीचे कपडे आणायचे राहतात. नवऱ्याच्या बुडाखालची सीट काढली हे सांगायचं कसं राहतं? लग्नानंतर काही महिन्यांतच गाडी चालवायला शिकताना त्याने एका भिंतीला बंपर घासला होता, आणि त्या दिवसापासून स्टिअरिंग तिच्याकडे आणि शेजारची सीट त्याच्याकडे अशी वाटणी झाली होती. जुनी गाडी गेली, ही छोटी एसयूव्ही आली, तरी वाटणी तीच राहिली. या सीटवर बसून त्याने तिला वाटा सांगितल्या होत्या, ज्या तिला माहीत होत्या. या सीटवर बसून तो घोरला होता. सासऱ्यांच्या मरणाची बातमी आली तेव्हा ती गाडी चालवत राहिली होती आणि तो याच सीटवरून तिला रुमाल देत होता. गाडी तिच्या नावावर होती खरी, पण सीट त्याची होती, आणि हे कुठे लिहून ठेवायचं असतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सगळं सुरू झालं ते टायरांपासून. एका संध्याकाळी गाडी अशी उभी होती जशी एखादी बाई उंच टाचांचे बूट घालून दारात उभी राहावी. जाड, खडबडीत टायर, आणि खालच्या स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच वर घेतलेली. "दगडांवरून जाताना पोट घासत नाही आता," ती म्हणाली. त्याने "हं" म्हटलं. लिफ्टच्या कंपनीतला माणूस तो, आणि बायकोची गाडी उचलली कुणी दुसऱ्यानेच, असा विनोदही त्याने केला, आणि ती हसली, आणि तोवर सगळं ठीक होतं. मग पोटाखाली लोखंडी पत्रा आला. टपावर जाळीचं कॅरियर आलं, त्याच्या कडेला गुंडाळलेलं कापड, जे ओढलं की गाडीला पडवी फुटायची. दुसरी बॅटरी आली, छोटा फ्रिज आला, नळ लावलेला पाण्याचा कॅन आला. आणि प्रत्येक वस्तूबरोबर घरात उस्ताद येऊ लागला. म्हणजे तो स्वतः कधी आला नाही, पण त्याचं नाव ताटाशेजारी येऊन बसे. उस्ताद म्हणतो, मागचा खण रुळांवर घेऊ. उस्ताद म्हणतो, वाळूत टायरांतली हवा कमी करायची. एक्स-रे काढणारी ही बाई, दिवसभर लोकांना श्वास रोखा, सोडा एवढीच दोन वाक्यं ऐकवणारी, ती गॅरेजवाल्याचं बोलणं जेवताना घास हातात धरून सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तो बोलला काहीच नाही. मूग गिळून गप्प बसणं त्याला छान जमत असे, आणि त्यालाच तो आपला समजूतदारपणा म्हणत असे.

त्याचं काम बोलण्याचंच होतं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतल्या बटणावरून फोन त्याच्या टेबलाशी लागायचा. मग मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं. नाव विचारायचं, जमिनीवर बसायला सांगायचं, आत हवा भरपूर येते हे पुन्हा पुन्हा सांगायचं. एका आजीबाईंना त्याने लोणी कढवण्याबद्दल इतकं बोलायला लावलं होतं की दार उघडल्यावर त्या बाहेर यायलाच तयार नव्हत्या. ऑफिसात त्याच्या या हातोटीचं कौतुक होतं. घरी मात्र तो "हं" म्हणे. दिवसभर परक्यांना शब्द वाटून आल्यावर घरच्यांसाठी खालचा गाळ उरतो, असं तो स्वतःला सांगे, आणि तिने हे समजून घेतलंय असं धरून चाले. त्या दिवशीही एक फोन आला. बाईचा आवाज, तरुण, घाबरलेला. "एकट्याच आहात का आत?" त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, आणि ती बाई "हो, एकटीच" म्हणाली तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. मग तो तिच्याशी बोलत राहिला, पण मनाने तो एका रविवारच्या गॅरेजात जाऊन उभा होता.

त्या रविवारी तो तिच्याबरोबर गेला होता, पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा. पत्र्याचं उंच छप्पर, ग्रीस आणि कापलेल्या लाकडाचा वास, आणि उस्ताद. उस्ताद म्हणजे कुणी सिनेमातला राजकुमार निघाला नाही, हाच पहिला धक्का. टकलावर चष्मा चढवलेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा गडी. असा माणूस दिसला की नवऱ्याने खरं तर निर्धास्त व्हावं. पण गॅरेजात आलेल्या दुसऱ्या एका बाईला तो "ताई" म्हणाला, हिशेबाच्या टेबलावरच्या मुलीलाही "ताई" म्हणाला, आणि हिला मात्र "मॅडम". हे त्याने टिपून घेतलं. मग उस्तादने पुठ्ठ्याचा मोठा तुकडा जमिनीवर अंथरला. "मॅडम, पडा जरा. नीट माप घेऊ, अंदाजाने नको." आणि ती, जी घरी कुणी पाहुणा असला तर सोफ्यावर पाय वर घेत नाही, ती त्या पुठ्ठ्यावर सरळ आडवी झाली. हात अंगालगत, डोळे छपराकडे. न सांगता तिने श्वास रोखला होता. उस्तादने तिच्या डोक्यापाशी खडूची रेघ मारली, टाचांपाशी मारली, मग म्हणाला, "कुशीवर झोपता की उताण्या?" ती म्हणाली, "कुशीवर. डाव्या. पाय थोडे पोटाशी घेते." नवरा तिथेच, टायरांच्या ढिगाशेजारी उभा होता. ती कशी झोपते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण कुणी विचारलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं का, याची त्याला खात्री नव्हती. तिची उंची किती हे विचारलं असतं तर त्याने हात आपल्या कानाच्या पाळीशी नेऊन "एवढी" म्हटलं असतं. आणि हा परका माणूस आता तिला सुतासुताने ओळखत होता. परत येताना त्याने फक्त एवढंच विचारलं, "हे सगळं करायलाच हवं का?" ती म्हणाली, "मला हवंय." आणि इंडिकेटर लावला.

हवंय. पण तिने त्याला विचारलं होतं, हेही त्याला आठवत होतं, आणि तिथेच तर खरा किडा होता. त्यांच्या घरात नकाराची एक रीत होती. ती म्हणायची, चल सिनेमाला. तो म्हणायचा, तू जा, मला कंटाळा आलाय. ती म्हणायची, चल रे, किती दिवसांत गेलो नाही. तो म्हणायचा, बघू. मग ती कपाटातून त्याचा शर्ट काढून पलंगावर ठेवायची, आणि तो उपकार केल्यासारखा उठायचा, आणि तिथे गेल्यावर सगळ्यांत जास्त मजा त्यालाच यायची. लग्नं, सहली, नातेवाइकांच्या भेटी, सगळीकडे तो असाच गेला होता, आढेवेढे घेत. आपलं "नाही" हे नुसतं पहिलं "नाही" आहे, ते काही खरं नव्हे, हे दोघांना ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटे. तर त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "पठारावर जायचं मनात आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे, गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं. आठवडाभर. येतोस?" त्याने मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "मी? गाडीत झोपू? माझ्या पाठीचं काय होईल? तू जा." आणि मग तो थांबला. तिचं "चल रे" ऐकायला त्याने कान तयार ठेवले. ती म्हणाली, "बरं," आणि झटकन गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेली. त्याला वाटलं, येईल, परत येऊन विचारेल. दुसऱ्या दिवशी विचारेल. रविवारी निवांत विचारेल. दुसऱ्यांदा विचारणं काही आलं नाही, टायर आले. ज्या बाईने जन्मभर तीन-तीनदा विचारलं ती एकाएकी एकदाच विचारून थांबते, याचा अर्थ काय? याचा एकच अर्थ होता, आणि तो बसमध्ये, ऑफिसात, जेवताना त्याला टोचत राहिला: दुसऱ्या कुणीतरी पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी तो मागच्या खोलीत गेला. सीट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. तो तिच्यावर बसला. गाडीत कधी लक्षात आलं नव्हतं, पण ती फार बुटकी होती. समोर विजेचं बटण आणि भिंतीला पडलेली एक बारीक भेग. पण पाठीला खळगा बरोबर सापडला, त्याच्याच पाठीने पाडलेला. मग रोज संध्याकाळी तो तिथे जाऊन बसू लागला. पेपर तिथे, चहा तिथे. तिने एकदा दारातून डोकावून विचारलं, "इथे काय करतोस?" तो म्हणाला, "बसलोय." ती परत गेली. ओट्यावर ती डब्यांची झाकणं लावून पाहत होती, कुठला डबा कुठल्या खणात मावतो ते. ती गुणगुणत होती. तिला गुणगुणताना त्याने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकू आलं ते भिंतीपलीकडून, दुसऱ्या कुणाच्या घरातून यावं तसं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने रजा टाकली. ती त्या दिवशी रिक्षाने हॉस्पिटलात गेली होती, गाडी खाली उभी होती, आणि दुसरी किल्ली खिळ्याला होती. सीट परत बसवायची, बस्स. बोलायचं काही नाही. सकाळी ती खाली येईल, दार उघडेल, आणि सीट जिथल्या तिथे असेल, आणि मग त्या उस्तादने कुठे बसायचं ते त्याचं तो बघेल. त्याने सीटखाली जुनी चादर सरकवली आणि ती ओढत दाराबाहेर काढली. लिफ्टमध्ये सीट ठेवल्यावर उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून तो तिच्यावरच बसला. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि तिथल्या काकू पिशवी घेऊन आत शिरल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. "कुठे निघालात?" "खाली." "बसूनच?" तो म्हणाला, "बसता का तुम्ही?" त्या म्हणाल्या, "नको बाई, मला पहिल्याच मजल्यावर उतरायचंय." आणि त्याच्या डोक्यावरून आकड्यांकडे बघत राहिल्या.

गाडीचं दार उघडलं तर भोकं दिसेनात. तिथे आता लाकडी पेटी बोल्टने बसवलेली होती, आणि तिच्यावरून मागपर्यंत एकसंध फळी गेली होती. फळीवर पातळ गादी, तिला तिने स्वतः शिवलेला निळा अभ्रा. डोक्याशी वाकवता येणारा दिवा, चष्मा ठेवायला जाळीचा कप्पा. गादीच्या उजव्या कडेला फ्रिज आणि पाण्याचा कॅन, पट्ट्यांनी आवळलेले. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग बूट काढून आत शिरला आणि आडवा झाला. पाय मागच्या दाराला टेकले, गुडघे वर आले. डाव्या कुशीवर वळून पाहिलं, तरी मावेना. त्याने उजवा हात बाजूला पसरला, तिथे दुसऱ्या माणसाची जागा आहे का ते चाचपायला, आणि हात फ्रिजवर आपटला. डावीकडे दाराचा पत्रा. मध्ये एक अंग, कुशीवर, पाय थोडे पोटाशी घेतलेलं. बस्स. तो ज्याला शोधायला आला होता तो माणूस तिथे मावतच नव्हता. उस्ताद तर त्या पोटासकट दारातूनही आत आला नसता.

आता हायसं वाटायला हवं होतं. तो वाट पाहत पडून राहिला, पण हायसं काही वाटेना. उलट त्याला वाटलं, उस्ताद असता तर बरं झालं असतं. उस्तादशी भांडता आलं असतं, त्याच्या टकलाला नावं ठेवता आली असती, चार लोकांत आपली बाजू मांडता आली असती. इथे कुणीच नव्हतं. उशीला तिच्या साबणाचा वास येत होता. ती इथे झोपणार, दिवा हवा तेवढा वाकवणार, मनात येईल तेव्हा उठणार, आणि कुणाच्या "हं"ची वाट पाहणार नाही. या कल्पनेने तो असा पेटला की तसा उस्तादवरही कधी पेटला नव्हता. तो तिच्यावरच जळत होता, तिच्या सोबतीवर, जी तिची तिलाच पुरत होती. आणि ही सोबत त्याच्या घरात, त्याच्या शेजारी, इतकी वर्षं होती, आणि तिला काय आवडतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"हलू नकोस," तिचा आवाज आला. हॉस्पिटलातला आवाज. "डोक्यावर दिवा आहे, लागेल." ती उघड्या दारापाशी उभी होती, खांद्याला पर्स, एका हातात पोळ्यांचं पाकीट. मागे, पार्किंगच्या फरशीवर, चादरीवर उभी केलेली सीट.

"सीट बसवायला आलो होतो," तो आडवाच राहून म्हणाला.

"कुठे?"

तो सरपटत बाहेर आला आणि फळीच्या कडेवर मान वाकवून बसला. ती सीटवर बसली, त्याच्यासमोर. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, प्रवासात भेटलेली दोन माणसं आहेत.

"तुला उस्तादचं वाटत होतं ना?"

त्याने बूट पायात सरकवले. ती हसली, मग तिला हसू आवरावं लागलं. "अरे देवा. अरे, त्याच्या आईच्या कमरेचा एक्स-रे मी काढला होता, तेव्हापासून मॅडम म्हणतो तो मला. आणि तुला सांगू? सीट काढायला तोच तयार नव्हता. साहेबांची सीट राहू द्या मॅडम, मी घडीची करून देतो, मी दोघांना पुरेल असं बसवून देतो. किती मागे लागला होता. मीच म्हटलं, काढ."

ज्या माणसाचा त्याने इतके दिवस मनात खून केला होता तो त्याची वकिली करत होता. त्याला कुठे बघावं कळेना. "तू मला एकदाच विचारलंस," तो म्हणाला. आवाज रुसलेल्या मुलासारखा निघाला, पण आता काही परत घेता येत नव्हतं.

"हो."

"नेहमी तू..."

"नेहमी तीनदा विचारते. माहीत आहे मला." तिने पाकीट मांडीवर ठेवलं आणि त्याची कड सारखी करत राहिली. "त्या दिवशी पण विचारणारच होते. पण तू नाही म्हणालास आणि मला एवढं हलकं वाटलं ना, की माझी मलाच भीती वाटली. गॅसवर काहीच नव्हतं. तू पुन्हा विचार करून हो म्हणशील म्हणून पळाले मी आत."

वर कुठेतरी लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला आणि थांबला. "मी येऊ?" असं त्याने विचारलं. असा प्रश्न आपण आयुष्यात कुणाला विचारला होता का, ते त्याला आठवेना.

"नाही."

"पाठीचं मी बघेन माझं. बाहेर तंबू टाकून झोपेन. पडवी आहे ना त्या कापडाची."

तिने खरोखर विचार केला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याला दिसलं की ती मनातल्या मनात त्याला तिथे नेऊन पाहतेय, कापडाखाली, शेगडीजवळ, सकाळच्या उन्हात, आणि मग उचलून बाजूला ठेवतेय. "नाही रे," ती म्हणाली. मायेनेच म्हणाली, आणि त्यामुळे जास्त लागलं. तिसऱ्यांदा काय म्हणायचं ते त्याला येत नव्हतं. अनोळखी माणसांना तासन्‌तास बोलतं ठेवणारा तो, मनधरणीचं एक वाक्य त्याला जुळवता येईना, कारण ते काम आजवर दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं. "चल," ती उठत म्हणाली, "ही वर न्यायला हात लाव." दोघांनी सीट उचलली.

सकाळी तो खाली आला. तिने पाण्याचा कॅन भरून घेतला होता, टपावरचे पट्टे ओढून पाहिले होते. त्याने उगीच एका टायरवर हात फिरवला. "जेवण वेळेवर घे," ती म्हणाली. "पोचल्यावर फोन करेन. रेंज असली तर." त्याने "हं" म्हटलं, मग घाईघाईने "कर, नक्की कर" असंही म्हटलं. तिने काच खाली करून त्याच्या हातावर हात ठेवला, आणि काढला. गाडी हळूहळू फाटकापाशी गेली. तिथून डावीकडे वळायचं असतं, आणि डावीकडे वळताना ती प्रत्येक वेळी म्हणायची, "जरा मागे हो ना, आरसा दिसत नाही." तो मागे व्हायचा, पुन्हा पुढे यायचा, पुढच्या वळणाला ती पुन्हा म्हणायची. त्याला ते दोघांचं बोलणं वाटायचं. फाटकापाशी तिने एकदा डाव्या आरशात पाहिलं, आणि गाडी न थांबता वळली.